वेरूळची पावसाळी वाट आणि गाडीची चेन

खुरपणी-कोळपणीतून थोडी उसंत मिळाली, की श्रावणात आपल्याकडची मंडळी वेरूळला निघतात. घृष्णेश्वराचे दर्शन होते, मुले बरोबर असली तर लेणीही पाहून होतात. पूर्वी बैलगाडी नाहीतर एस.टी. असे. आता दारात मोटारसायकल असते.

संभाजीनगरहून ही वाट तीसेक किलोमीटरची. दौलताबादचा किल्ला मागे पडला की घाट लागतो. हातकागदासाठी नाव असलेला कागजीपुरा ओलांडून रस्ता खुलताबादला चढतो आणि तिथून वेरूळला उतरतो. पावसात एकोणतिसाव्या लेण्याजवळचा धबधबा जरूर पाहावा. मात्र कड्याच्या टोकाशी जाऊ नये, शेवाळावर पाय ठरत नाही. मंगळवारी लेणी बंद असतात, तो दिवस टाळावा. घृष्णेश्वराचे देऊळ अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी नव्याने बांधले. मालोजीराजे भोसल्यांचे गावही हेच.

कैलास लेणे आठव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले. कळसापासून खाली कोरत आणलेले. ज्या काळ्या पाषाणात ते कोरले, त्याच जातीचा दगड हजारो वर्षे झिजून आपली काळी जमीन झाली. पिकाला ती सोन्यासारखी, पण पावसात तिचा चिखल आणि रस्त्यावरची कच गाडीच्या चेनवर बसली, की दगडाचा कठीणपणा लगेच कळतो.

चेन ओढून ताणून लांबते असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. चेनच्या प्रत्येक कडीत एक पिन आणि तिच्याभोवती बुश असते. पावसाच्या पाण्याने तिथले तेल धुऊन जाते, कच आत शिरते, आणि पिन-बुश एकमेकांना घासून झिजतात. प्रत्येक कडीत केसाएवढी झीज झाली, तरी शंभराच्या वर कड्यांची मिळून चेन लोंबू लागते. अशी चेन घाटात उतरली किंवा तुटली तर इंजिनाचा आधार सुटतो. ती चाकात अडकली तर चाक जागीच अडकते. मागे घरची माणसे बसलेली असताना हा प्रसंग नको.

म्हणून ओल्या रस्त्यावरून घरी आल्यावर गाडी तशीच गोठ्याच्या कडेला लावून झोपू नये. डबल स्टँडवर घ्यावी, इंजिन बंद करावे, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि मागचे चाक हाताने फिरवावे. इंजिन चालू ठेवून चेन पुसण्याचा उद्योग कोणीही करू नये. चिंधीबरोबर बोट चेनमध्ये जाते आणि क्षणात तुटते. लहान मुलांना तर जवळही येऊ देऊ नये.

चिखल ब्रशने काढून रॉकेलने चेन धुवावी आणि कोरड्या फडक्याने पुसावी. पेट्रोल वापरू नये. ज्या चेनच्या कड्यांत रबरी कडी असतात, तिला पेट्रोल-डिझेलने इजा होते. मग नव्वद नंबरचे गिअर ऑइल खालच्या पदराच्या आतल्या बाजूने, चाक फिरवीत थेंब थेंब सोडावे. चाक फिरताना ते बाहेरच्या बाजूला ढकलले जाऊन कड्यांत मुरते. दहा मिनिटांनी जास्तीचे तेल पुसून टाकावे. घट्ट ग्रीस पिनपर्यंत पोहोचत नाही, उलट कच धरून ठेवते. इंजिनातून काढलेले जुने काळे तेल फुकटचे म्हणून अनेकजण वापरतात. त्यातही काजळी आणि धातूची बारीक पूड असते.

चेनकव्हर असलेल्या गाडीला आपण बेफिकीर असतो. त्यावर रबरी बूच असते, ते काढून बोटाने खालचा पदर वरखाली करून पाहावा. बहुतेक साध्या गाड्यांना वीस ते तीस मिलिमीटर ढील चालतो; आपल्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकात असतो. चाक फिरवून जिथे चेन सर्वांत ताठ असेल तिथेच मोजावे. ताठ चेनही वाईटच, बेअरिंग खाते. ताण देताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात, नाहीतर चाक तिरके बसते.

मागच्या चक्रावरून चेन मागे ओढली आणि अर्धा दात उघडा पडला, तर चेन संपली समजावी. मग नुसती चेन न बदलता दोन्ही चक्रांसह संच बदलावा. झिजलेले दात नवी चेन लवकर खातात. आणि जोडकडीची क्लिप बसवताना तिचे बंद टोक चेन धावते त्या दिशेला आहे ना, हे मिस्त्रीच्या शेजारी उभे राहून स्वतः पाहावे.