तिसऱ्या व्हायोलिनचा कागद

आमच्या शाळेच्या वाद्यवृंदाचं पहिलं वर्ष माझ्यामुळे फुकट गेलं, हे कबूल करायला आता हरकत नाही. मुलं कष्टाळू होती, पालक हौशी होते, रविवारी सकाळी शाळेचा हॉलही मोकळा मिळत होता. चुकलं ते एकच. मी कागद चुकीचा निवडला.

कागद म्हणजे नोटेशनचा. आपल्याकडे गाणं गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात उतरतं. पाश्चात्त्य वाद्यवृंदात मात्र प्रत्येकाच्या पुढ्यात स्टँडवर आपापला कागद असतो. त्याला पार्ट म्हणतात. सगळ्यांचे पार्ट एकाखाली एक मांडलेलं पुस्तक शिकवणाऱ्याकडे असतं, तो स्कोअर. मुलांना आठवड्यातून एकदा बाई भेटतात, पण कागद रोज घरी सोबत असतो. तेव्हा कागद निवडणं म्हणजे अर्धं शिकवणंच!

मी लहानपणी सात-आठ वर्षं व्हायोलिन शिकलेली. निवृत्तीनंतर मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं आणि मी हौसेनं 'हो' म्हटलं. नऊ व्हायोलिनं, एक चेलो आणि एक कीबोर्ड अशी अकरा डोकी जमली. मी थेट मोझार्टलाच हात घातला. १७८७ साली त्यानं लिहिलेलं 'आइना क्लाइना नाख्टम्युझिक' घेतलं. का? तर सुरुवात ऐकताच पालक माना डोलावतील म्हणून. लग्नात जेवणारे कोण आहेत ते न बघता फोटोत छान दिसेल असा बेत ठरवावा, तसलाच तो प्रकार.

सुरुवात फसवी आहे. पहिल्या चार बारांत सगळी वाद्यं एकच ओळ वाजवतात. पहिल्या रविवारी ती जमली आणि मी खूश झाले. पुढे पहिलं व्हायोलिन गाणं घेऊन निघून जातं आणि दुसऱ्याला एकेका स्वरावर भराभर गज चालवावा लागतो. व्हायोला वाजवणारं तर आमच्याकडे कुणीच नव्हतं. म्हणून त्याचा पार्ट मी तिसऱ्या व्हायोलिनसाठी लिहून घेतला आणि तीन नवख्या मुलांना दिला. तो पार्ट सुटा वाचला तर त्यात गाणं सापडतच नाही. नुसती भर. भाजीतलं मीठ तेवढं वेगळं चाखायला द्यावं, तसं.

कार्यक्रम झाला. टाळ्याही झाल्या. पुढच्या रविवारी त्या तिघांपैकी एकाची आजी मुद्दाम भेटायला आली. मुलांना बाहेर जाऊ दिलं आणि हळूच म्हणाली, "बाई, त्याला रागावू नका हं. पण कार्यक्रमात त्यानं एकही सूर वाजवला नाही. गज तारेच्या वरून नुसता हलवत होता. घरी येऊन मला म्हणतो, आजी, माझ्यामुळे सगळ्यांचं बिघडायला नको."

मी त्याच्यापासून पाच हातांवर उभी होते, आणि मला ते कळलंही नव्हतं. त्याचा सूर नाही म्हणून काही अडलं नव्हतं, कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नव्हतं. रात्री झोप आली नाही ती याच विचारानं. मुलगा खोटं वागला म्हणून नव्हे. ज्याच्यावाचून काही अडत नाही असा कागद मी एका नऊ वर्षांच्या पोराला वर्षभर दिला होता, म्हणून.

मग मी नीट शिकायला बसले. पुस्तकं चाळली, मुंबईला धोबी तलावाच्या बाजूला जाऊन स्कोअर पाहिले, जाणत्यांना विचारलं. त्यातून माझ्या मनाशी काही गोष्टी पक्क्या झाल्या. ज्यांच्या मुलांच्या शाळेत बँड किंवा वाद्यवृंद आहे, त्या मैत्रिणींना उपयोगी पडतील म्हणून सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे स्कोअर खालून वर वाचावा. पहिल्या व्हायोलिनची किंवा ट्रम्पेटची ओळ सुंदर असणारच. सगळ्यात खालचा नि मधला पार्ट बघावा. त्या मुलाला काय मिळालंय? एखादी तरी ओळ अशी आहे का, की जी तो घरी आजीला वाजवून दाखवेल?

दुसरी गोष्ट पट्टीची. व्हायोलिनच्या सुट्या तारा जिथे कामी येतात, त्या पांढरी दोन, पांढरी पाच अशा पट्ट्या नवख्यांना सोप्या जातात. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट यांचं मात्र निराळं. त्यांच्या कागदावर पांढरी एक लिहिलेली असली, तरी ऐकू येते काळी पाच. त्यामुळे व्हायोलिनला सोपी असलेली पट्टी त्यांच्या कागदावर अवघड होऊन बसते. फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या बँडसाठी म्हणूनच काळी पाचसारख्या पट्ट्या जास्त वापरतात. दोन्ही जातीची वाद्यं एकत्र असतील तर मधला मार्ग शोधावा लागतो.

तिसरी गोष्ट शरीराची. ट्रम्पेट वाजवणाऱ्याचे ओठ दमतात, त्याच्या पार्टात विश्रांतीच्या जागा हव्यात. क्लॅरिनेटवर खालच्या स्वरांतून वर जाताना एका ठिकाणी जवळजवळ सगळी बोटं एकदम ठेवावी लागतात. नवखी मुलं तिथे हमखास अडखळतात. ती ओलांडणी कितीदा येते, हे कागदावर मोजून घ्यावं.

कागदावर छापलेल्या इयत्तेवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. एकाची दोन ती दुसऱ्याची तीन असते. शिवाय मूल एकट्यानं तिसरीची परीक्षा पास झालं, म्हणून तिसरीचा वाद्यवृंद त्याला पेलतो असंही नाही. एकट्यानं पोळी लाटणं वेगळं नि पन्नास पानांच्या पंगतीत तव्यावर उभं राहणं वेगळं. माझी कसोटी साधी आहे. पहिल्याच दिवशी अडखळत का होईना, सगळे शेवटापर्यंत पोचले तर कागद ठेवायचा. निम्म्यातच बुडाले, तर परत कपाटात.

अगदी बारीक बाब म्हणजे पान उलटायची जागा. व्हायोलिनवाले दोघं मिळून एक स्टँड वापरतात. आतल्या बाजूचा पान उलटतो तेव्हा त्याचं वाद्य थांबतं, म्हणजे तेवढ्यापुरता अर्धा आवाज गेला! चांगल्या छपाईत पानाच्या शेवटी विश्रांती येते. तशी नसेल, तर शेवटच्या ओळीची नक्कल पुढच्या पानावर आधीच चिकटवून ठेवावी.

आणि झेरॉक्सचा मोह. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या रचनेवर हक्क असतो. मूळ रचना जुनी असली, तरी कुणी तिचं नवं सोपं रूप बांधलं असेल तर त्याचा हक्क वेगळा. तेव्हा ते रूप विकतच घ्यावं. जुन्या मूळ रचनेवरून आपण आपल्या हातानं लिहिलं, तर मात्र कुणाची ना नाही.

वाचता वाचता मला एक मौज कळली. १७०३ साली व्हेनिसच्या पिएता या अनाथ मुलींच्या आश्रमात विवाल्डी व्हायोलिन शिकवायला लागला. तिथल्या मुलींसाठी त्यानं कितीतरी रचना केल्या. इंग्लंडच्या होल्स्टनं १९०५ पासून लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये शिकवलं आणि तिथल्या मुलींच्या वाद्यवृंदासाठी 'सेंट पॉल्स स्वीट' लिहिलं. एवढे मोठे लोक, पण समोर कोण बसलंय ते बघून लिहीत होते. आधी माप, मग कापड. मी मात्र कापड आधी आणलं आणि पोरांना त्यात कोंबलं.

दुसऱ्या वर्षी मी पाखेलबेलचा 'कॅनन' निवडला. तो मुळात तीन व्हायोलिनं आणि खालचा खर्ज यांच्यासाठी आहे, पट्टी पांढरी दोन. गंमत अशी की तिन्ही व्हायोलिनं एकच गाणं वाजवतात, फक्त दोन-दोन बार मागे राहून. पहिल्यानं वाजवलेलंच तिसऱ्याच्या वाट्याला येतं. मधल्या भागातले भरभर स्वर मुलांना झेपणारे नव्हते. पाखेलबेल १७०६ सालीच गेला, तेव्हा मुळावरून मीच सोपे पार्ट हातानं लिहिले. रोज जेवणं आटोपल्यावर डायनिंग टेबलावर बसून. "परीक्षेचे पेपर तपासणं बरं होतं गं," हे म्हणाले.

पण पहिल्याच तालमीत चेलोवाली मुलगी रडकुंडीला आली. "बाई, माझ्या कागदावर आठच स्वर आहेत!" खरंच होतं. तेच आठ स्वर मूळ रचनेत २८ वेळा येतात. खालून वर वाचायचं असं ठरवूनही मी परत तीच चूक केली होती! मग ते आठ स्वर कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातालाही दिले आणि मधला एक तुकडा चेलोला गाण्याचा लिहिला. तो ती इतका वाजवायची की तिच्या आईनं मला फोन करून, हसत हसत का होईना, तक्रार केली.

त्या मुलाला मी पुन्हा तिसऱ्या व्हायोलिनलाच बसवलं. त्याचं तोंड उतरलं. मी म्हटलं, "पहिल्याचा कागद घे आणि तुझ्या कागदाशी ताडून बघ." त्यानं बोट ठेवून ओळन् ओळ ताडली. म्हणाला, "सारखंच आहे की!" मी म्हटलं, "सारखंच आहे. तू फक्त मागून येतोस."

कार्यक्रमाच्या दिवशी तो यायचा तिथे आलाच नाही. माझ्या पोटात गोळा आला. गज पुन्हा तारेच्या वर? पण दोन बार गेले आणि त्यानं सुरुवात केली. त्यानं काही बिघडलं नाही, कारण खालचे आठ स्वर दर दोन बारांनी फिरून पहिल्यावर येतात. दोन बार उशिरा आलेल्यालाही त्यात जागा असते. शेवटचे बार मी सगळ्यांना एकच लिहिले होते, तिथे तो मान वर करून बरोबर मिळाला.

खाली उतरल्यावर म्हणाला, "बाई, माझं चुकलं. मी उशिरा आलो."

मी म्हटलं, "ऐकलं मी."