माळ्यावरचा फाफे

डोंबिवली, रविवार

प्रिय बेबी,

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस, "फास्टर फेणेचा संच माळ्यावर टाकलाय, दहावी होईपर्यंत काढणार नाही." मला वाईट वाटलं आणि रागही आला. विष्णुनगरच्या घरात याच पुस्तकांवरून तुम्ही दोघी बहिणी एकमेकींच्या झिंज्या उपटत होतात. आणि आता तुझ्याच लेकाला ती वर्ज्य?

वर म्हणतेस, नुसती हसवाहसवी. अगं, हा फाफे लिहिणाऱ्या भा. रा. भागवतांनी आख्खी हयात या हसवण्याला दिली. १९१०चा जन्म, २००१ साली गेले. १९५१मध्ये 'बालमित्र' मासिक काढलं, ज्यूल व्हर्न मराठीत आणला. त्यातलं 'मुक्काम शेंडेनक्षत्र' तुझ्या दादाने पांघरुणात टॉर्च लावून संपवलं होतं. लीलावतीबाईही मुलांसाठीच लिहायच्या. मोठ्यांसाठी लिहून नाव मिळवायचं सोडून दोघं नवरा-बायको पोरांच्या मागे लागले, याचं मोल आपल्याकडे कुणी केलं?

आणि तो बनेश फेणे! फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, काडीपैलवान, सायकलवर सुसाट. नको तिथे नाक खुपसतो, गोत्यात येतो आणि टाळूला जीभ लावून 'ट्टॉक' करतो. त्या आवाजावर पोरं खिदळतात, पण त्याच पानावर समोर खराखुरा चोर उभा असतो. पोरगा घाबरलेला असतो, तरी मागे फिरत नाही. भागवत त्याला उपदेशाचे डोस पाजत नाहीत, सरळ संकटात लोटतात. हसता हसता धीट व्हायचं वय तेरा-चौदाचंच गं. बडबडगीतं सुटलेली, मोठ्यांच्या कादंबऱ्या पेलत नाहीत. या मधल्या वयासाठी मराठीत मुळात पुस्तकं मूठभर, त्यातली विनोदी किती? त्यातलीही तू माळ्यावर टाकलीस!

दूरदर्शनवर सुमीत राघवनचा फेणे लागायचा तेव्हा तुमचं जेवण ताटात गार व्हायचं. २०१७च्या सिनेमात अमेय वाघला पाहून तू मला मध्यरात्री फोन केला होतास. विसरलीस?

खरं सांगू, पुस्तकांपेक्षा मला पोराची काळजी वाटते. गेल्या खेपेला तुमच्याकडे घोडबंदरला आले तेव्हा तो रात्री नऊला क्लासहून आला, पाठीवरची सॅक न काढताच सोफ्यावर बसला, मी काय विचारलं त्याला मान हलवली आणि आत गेला. पूर्वी हा मुलगा हसायला लागला की खालच्या मजल्यावरचे विचारायचे. आता हसतो का गं तो? तुझ्या लक्षात तरी आलंय का?

अभ्यास नको असं मी म्हणत नाही. जावयांना तसं सांगू नकोस, उगाच गैरसमज होईल. पण रात्री झोपताना अर्धा तास दे त्याला. एकदम सगळा संच त्याच्या पुढ्यात ओतू नकोस, 'वाच' असंही म्हणू नकोस. एक पुस्तक उशाशी नुसतं पडू दे. नाहीच उघडलं तर ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात घेऊन जा, १८९३पासूनची संस्था आहे, त्याचं त्याला निवडू दे. तू मात्र बाहेर थांब.

येत्या शनिवारी मी येते आहे. शिडी काढून ठेव, माळ्यावर गुडघ्यांमुळे मला चढवत नाही, तूच चढ. आणि झुरळांनी संच कुरतडला नसेल ना, ते आजच बघून कळव.

तुझी,
मावशी