तिघांनी भरलेली जागा

१९६८च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये निरोपाचे कार्यक्रम करून ‘क्रीम’ हा बँड मोडला. पुढच्या जूनमध्ये जिमी हेंड्रिक्सचं त्रिकूटही फुटलं. गिटार, बास आणि ड्रम्स एवढ्यावरच रॉकचा अख्खा डोलारा उभा करणारी दोन मोठी नावं अशी पाठोपाठ गेली. त्याच १९६९ साली ‘अँड्रोमेडा’ या इंग्लिश त्रिकुटाचा त्याच नावाचा अल्बम आरसीए या रेकॉर्ड कंपनीने काढला. तो पहिला आणि शेवटचाही. फारसा खपला नाही.

गिटार आणि गाणं जॉन ड्यू कॅनचं, बास मिक हॉक्सवर्थचा, ड्रम्स इयन मॅकलेनचे. त्रिकुटाची एक अडचण असते आणि मला नेमकी तीच आवडते. गिटारवाला सोलो घेत वर गेला की मागे कॉर्ड धरायला कुणी उरत नाही, खाली खड्डा पडतो. तबल्याच्या एकलवादनात लेहरा धरणारा मुकाट आवर्तनं फिरवत राहतो. बासवाल्याने तेवढंच केलं तरी वेळ निभावते. हॉक्सवर्थचं तेवढ्यावर समाधान होत नाही. त्याचा बास गिटारच्या अंगाला अंग घासत स्वतःची चाल काढतो, मधेच तिला ओलांडूनही जातो, आणि मॅकलेन त्या दोघांच्या फटीत हात भरून वाजवतो. कुणालाही कुणाच्या आड लपायला जागा नाही.

आठ गाण्यांपैकी तीन गाणी तीन-तीन भागांत बांधलेली आहेत. ‘रिटर्न टू सॅनिटी’मध्ये आधी कोसळणं, मग आशा, मग शेवट. आणि एवढ्या गदारोळात ‘आय कॅन स्टॉप द सन’ हे छोटंसं, शांत गाणं! ते ऐकल्यावर पटतं की या मंडळींना आवाज कमी करणंही तितकंच येत होतं.

पुढे ड्यू कॅन ‘अ‍ॅटॉमिक रूस्टर’ या बँडमध्ये गेला. १९७१मध्ये त्यांचं ‘डेव्हिल्स आन्सर’ हे गाणं ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोचलं. तिथे त्याच्या गिटारखाली व्हिन्सेंट क्रेनच्या ऑर्गनचा जाड थर आहे. हात तोच, पण अँड्रोमेडात त्या हाताला जी जोखीम होती ती इथे नाही. हॉक्सवर्थ ‘फझी डक’मध्ये गेला, त्यांचाही एकच अल्बम निघाला.

‘आणखी दोन अल्बम निघाले असते तर ते मोठे झाले असते,’ असं अशा बँडबद्दल हमखास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. या अल्बममध्ये मला काहीच अर्धवट वाटत नाही. आज संग्राहक मूळ तबकडीसाठी भलीमोठी किंमत मोजतात, पण ती दुर्मिळतेची किंमत आहे. त्या वाजवण्याची वेगळी.

ड्यू कॅन २०११मध्ये वारला. हा अल्बम कुठून ऐकायला घ्यावा असं कुणी विचारलं तर मी सांगतो, पहिल्या गाण्यापासून, ‘टू ओल्ड’पासून सुरू कर; आणि पहिल्या खेपेला गिटारकडे लक्ष देऊ नकोस, बास ऐक.