एक हात सोडला की साखळी होते

दहावीला कार्बनी संयुगे शिकवताना बहुवारिकांपाशी आलं की मुलं कंसाबाहेरचा तो 'एन' पाठ करून मोकळी होतात. पण एथिलीन हा वायू आणि पिशवी घन, हे झालं कसं? म्हणून हा भाग मी मैदानावर घेतो.

दोन-दोन मुलांची जोडी करायची. दोघांनी एकमेकांचे दोन्ही हात धरायचे. हा एथिलीनचा रेणू. धरलेले हात म्हणजे दोन कार्बनमधला दुहेरी बंध. मग एकच हात मोकळा असलेला मुलगा आत सोडायचा. तो जोडीतल्या एकाला धरतो. त्याला हात द्यायला तो मुलगा जोडीदाराचा एक हात सोडतो. आता जोडीदाराचा हात मोकळा! तो पुढच्या जोडीला धरतो. दोन साखळ्यांचे मोकळे हात एकमेकांत अडकले की खेळ संपतो. कुणीही बाहेर पडत नाही, एकही अणू गळत नाही. म्हणून हे समावेशन बहुवारिक.

1933 साली इंग्लंडमध्ये आयसीआयच्या प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन यांना प्रचंड दाबाखालच्या एथिलीनपासून मेणासारखा पांढरा पदार्थ मिळाला. पण तो दर वेळी मिळेना. पुढे कळलं, की वायूत चुकून शिरलेला किंचित ऑक्सिजन साखळी सुरू करून देत होता. आपल्या खेळातला तो पहिला मुलगा!

"सर, मग पिशवी कुजत का नाही?" हा प्रश्न येतोच. दुहेरी बंध संपलेले, उरले कार्बनचे मजबूत एकेरी बंध. एवढी लांब साखळी जिवाणूंना सहज तोडता येत नाही.

यंदा एरवी गप्प असणारी एक मुलगी म्हणाली, "पण वितळते ना. आई भंगारात दुधाच्या पिशव्या वेगळ्या काढते. त्यांचे दाणे करतात." अगदी बरोबर! साखळ्या एकमेकींना बांधलेल्या नसतात, नुसत्या शेजारी पडलेल्या असतात. तापवल्या की सरकतात. आणि वेगवेगळी बहुवारिके एकत्र वितळवली तर माल कच्चा होतो, म्हणून निवडणं महत्त्वाचं. तिची आई रोज हातांनी जे ओळखते, तेच आमच्या पुस्तकात आहे, असं मी वर्गाला सांगितलं. त्या दिवसापासून ती पुढच्या बाकावर बसते.

पालकांनो, घरातल्या डब्या-बाटल्यांच्या तळाचा त्रिकोण मुलांना शोधायला सांगा. 2 आणि 4 म्हणजे पॉलिएथिलीन, 5 म्हणजे पॉलिप्रोपिलीन. मग कचरा वेगळा का करायचा, हे वेगळं शिकवावं लागणार नाही.