परतवाडा ते गोरेगाव : आजींच्या आवाजासाठी एक प्रवास

अमरावतीहून एस.टी.ने निघाले की आसेगावला पूर्णेचा पूल लागतो आणि थोड्याच वेळात परतवाडा येते. समोर मेळघाटच्या डोंगरांची निळी रांग उभी असते. जुनी माणसे अजूनही गावाला 'कॅम्प' म्हणतात, कारण इंग्रजांच्या काळात येथे पलटणीची छावणी होती. मेळघाटचे सागवान येथे उतरते, म्हणून जिकडे पाहावे तिकडे आरामशिनी आणि फर्निचरची दुकाने. आमच्या वस्तीतील बरीच घरे याच लाकडावर जगतात. कोणी आऱ्यावर, कोणी हमालीत, कोणी रंधा मारण्यात. सकाळी आरा सुरू झाला की दिवस मावळेपर्यंत त्याची किरकिर चालू असते. सवयीने ती आम्हांला ऐकूसुद्धा येत नाही. या ऐकू न येणाऱ्या आवाजानेच आमचा घात केला. त्याचीच ही हकिगत.

आमच्या वस्तीत एक आजी होत्या. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांकडून धम्मदीक्षा घेणाऱ्या लाखो लोकांत त्या होत्या. तेव्हा त्या नुकत्याच लग्न होऊन आलेल्या. अचलपूरहून शकुंतला गाडीने मूर्तिजापूर, तेथून मोठ्या गाडीने नागपूर, फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि सोबतीला वस्तीतली माणसे. ही गोष्ट त्यांनी आम्हां साऱ्यांना लहानपणी कितीदा तरी सांगितली. पण लहानपणी ऐकलेले कोण लक्षात ठेवतो?

2018च्या उन्हाळ्यात आमच्या पुतण्याने मनावर घेतले. तो लग्नाचे शूटिंग करतो. त्याने चांगला मोबाइल आणला, आजींना पडवीत बसवले आणि तासभर चित्रण केले. ऊन फार, म्हणून वर पंखा लावला होता. आजींनी मध्येच विचारले, "पोट्टेहो, मी मेल्यावरही हे डबडं बोलन काय?" आम्ही हसून म्हणालो, "बोलन ना आजी."

त्याच पावसाळ्यात आजी गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात टी.व्ही. लावून आम्ही ते चित्रण दाखवले. चित्र आरशासारखे स्वच्छ. कपाळावरच्या सुरकुत्या मोजाव्यात इतके स्वच्छ. पण आवाज? वर पंख्याची घरघर, मागे आऱ्याची किरकिर, आणि त्यांच्या खाली कुठेतरी आजी. सोबत कोण कोण होते ते सांगताना त्यांनी बोटे मोडली. सात बोटे मोडलेली स्पष्ट दिसतात, ओठ हलताना दिसतात, पण सातांतले एकही नाव ऐकू येत नाही. विहारात सारे गप्प बसले होते. पुतण्या उठून बाहेर निघून गेला.

पुढे त्याला कोणाकडून तरी कळले, की मुंबईत गोरेगावला 'ब्रॉडकास्ट इंडिया' नावाचे मोठे प्रदर्शन भरते. 1991 पासून भरत आलेल्या या प्रदर्शनात सिनेमा आणि टी.व्ही.ची नवी यंत्रे मांडतात, जाणकार भेटतात. आमच्या मनात आले, आवाज शोधून देणारे यंत्रही तेथे असेल. 2019च्या ऑक्टोबरात दीक्षाभूमीला जाऊन आलो आणि त्याच महिन्यात आम्ही तिघे, पुतण्या, त्याची आई आणि आम्ही, अमरावतीहून संध्याकाळच्या मुंबईच्या गाडीत बसलो. वहिनींनी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि चटणी घेतली होती. आजींचे चित्रण असलेले कार्ड त्यांनी रुमालात गाठ मारून कमरेला खोचले होते.

सकाळी दादरला उतरलो ते आधी चैत्यभूमीवर गेलो. वंदन करून समुद्राकडे तोंड करून बसलो. 7 डिसेंबर 1956 रोजी याच चौपाटीवर बाबासाहेबांना अखेरचा निरोप दिला गेला. त्या अंत्ययात्रेचे जे चित्रण आज आपण पाहतो, ते घडवून आणले लेखक नामदेव व्हटकर यांनी. जवळ पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी आपला छापखाना गहाण टाकला. त्या काळी चित्रण म्हणजे खेळ नव्हता. 35 मिलिमीटरची 1000 फूट फिल्म अवघ्या 11 मिनिटांत संपते. कॅमेरा भाड्याने आणायचा, फिल्म विकत घ्यायची, ती धुवायलाही पुन्हा पैसे. एका माणसाने आपले पोटाचे साधन गहाण टाकले, म्हणून तो जनसागर आपल्या नातवंडांना दिसतो. आणि आमच्या हातात तासभर चित्रण घेणारा मोबाइल होता, तरी पंखा बंद करायचे आम्हांला सुचले नाही!

दादरहून लोकलने गोरेगाव. हमरस्त्याला लागून बॉम्बे एक्झिबिशन सेंटरचे प्रचंड मंडप. नाव नोंदवून गळ्यात पट्टा घातला आणि आत शिरलो. आत दिव्यांचा लखलखाट. कॅमेरा उचलून फिरवणाऱ्या लोखंडी सोंडा, हात हलला तरी चित्र हलू न देणारे गिम्बल, उडते ड्रोन. एके ठिकाणी हिरव्या पडद्यासमोर एक मुलगी उभी होती आणि शेजारच्या पडद्यावर ती बर्फाच्या डोंगरात दिसत होती. एकेका भिंगाची किंमत अशी, की तेवढ्यात आमच्या वस्तीत घर उभे राहावे. एकाने पुतण्याला विचारले, "कुठलं प्रॉडक्शन?" तो म्हणाला, "परतवाडा." त्या गृहस्थाने समजल्यासारखी मान हलवली!

दुपारपर्यंत हिंडून पाय दुखले, तेव्हा एका कोपऱ्यात आवाजाच्या यंत्रांचा स्टॉल सापडला. तेथे एक मध्यमवयीन ध्वनिमुद्रक बसले होते. वहिनींनी रुमालाची गाठ सोडून कार्ड त्यांच्या हातावर ठेवले आणि सारे सांगितले. त्यांनी कानाला हेडफोन लावून बराच वेळ ऐकले. मग पडद्यावर आवाजाची रंगीत नक्षी दाखवून समजावले. पंख्याची घरघर एकसारखी असते. ती यंत्राला ओळखता येते आणि बरीच कमी करता येते. आऱ्याचा आवाज मात्र लाकडागणिक बदलतो, चढतो, उतरतो, आणि तो माणसाच्या बोलण्याच्याच पट्टीत येतो. तो खरवडायला गेले तर बोलणेही खरवडले जाते.

त्यांनी पंखा कमी केला आणि हेडफोन वहिनींच्या कानाला लावला. वहिनींचा हात तोंडावर गेला. आजी बोलत होत्या, "पांढरं लुगडं नव्हतं, मंग शेजारणीचं मांगून आनलं." एवढे वाक्य स्वच्छ आले. नावे मात्र आली नाहीत. ध्वनिमुद्रक म्हणाले, "जे टिपलंच गेलं नाही, ते यंत्र परत देत नाही." एक पैसाही न घेता त्यांनी ते वाक्य आम्हांला वेगळे काढून दिले.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने निघाली आहेत. ती गोंगाटातून बोलणे पूर्वीपेक्षा चांगले वेगळे करतात. पण जेथे शब्दच पुसला गेला आहे, तेथे ती अंदाजाने काहीही भरू शकतात. आपल्या माणसांची नावे अंदाजाने भरायची नसतात.

आम्ही त्या प्रदर्शनातून काही विकत आणले नाही. आणले ते ज्ञान. डिसेंबरात एका रविवारी, आरा बंद असताना, वंदना झाल्यावर विहारातच शिबिर घेतले. मुले आली, मुली आल्या, महिला मंडळ आले. सुतारकाम करणाऱ्या भावांनी सागाच्या तुकड्यांचे मोबाइलचे स्टँड करून दिले. बाजारातल्या स्टँडपेक्षा ते बरे, वाऱ्याने हलत नाहीत. पुतण्याने जे शिकवले ते थोडक्यात असे :

चित्र थोडे अंधुक चालेल, आवाज अंधुक चालणार नाही. बोलण्याआधी पंखा, कुलर, टी.व्ही. बंद करावा. डोळे मिटून मिनिटभर नुसते ऐकावे, म्हणजे सवयीने न ऐकू येणारे आवाज कळतात. माईक तोंडाजवळ हवा, कारण मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाजाचा जोर चौथाई उरतो. साधा कॉलर माईक काही शे रुपयांत मिळतो. तोही नसेल तर दुसरा मोबाइल बोलणाऱ्याच्या छातीशी ठेवून त्यावर आवाज घ्यावा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. टाळीचे चित्र आणि टाळीचा आवाज जुळवला की पुढचे सारे जुळते. सिनेमावाले पाटी आपटतात ती याचसाठी. मोबाइल आडवा धरावा. प्रथम गाव, नाव, तारीख बोलून घ्यावी. चित्रणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्या. आणि सर्वांत आधी त्या माणसाची परवानगी घ्यावी. त्याने "हे दाखवू नका" म्हटले, तर दाखवू नये.

त्याच दिवशी आम्ही आजींचे बिघडलेले चित्रण पुन्हा लावले. आजींनी बोटे मोडायला सुरुवात केली, तशी मागे बसलेली दुसरी एक म्हातारी म्हणाली, "थांबवा थे. मले ठाव हाय हे नावं." आणि पडद्यावरच्या बोटाबरोबर तिने आपले बोट मोडले. एक, दोन, तीन. पाच नावे तिने सांगितली. जे गोरेगावच्या यंत्राला जमले नाही, ते आमच्या विहारातील एका उपासिकेने केले. दोन बोटांवर मात्र तीही अडली.

त्यानंतर फेब्रुवारीपर्यंत दर रविवारी एकेका वृद्धाचे चित्रण झाले. बहुतेक मुलींनीच केले. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली. त्या साथीच्या काळात आमच्या वस्तीतील तीन वृद्ध गेले. पाच नावे सांगणारी ती म्हातारीही त्यांत होती. पण तिघांचेही आवाज आज आमच्याजवळ स्वच्छ आहेत.

कोणी म्हणेल, हे कॅमेऱ्याचे काम शिकलेल्या, पैसेवाल्या लोकांचे. तसे नाही. मालेगावच्या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 साली साध्या कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' काढला. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' 2011 साली पूर्ण झाला तो 14 वर्षांच्या चित्रणातून. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात झालेल्या गोळीबारात 10 जण गेले, तेथून त्याची सुरुवात. पैशापेक्षा चिकाटी मोठी, हेच यातून दिसते. शिकायची सोयही आता वाढली आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने 2017 पासून निरनिराळ्या शहरांत लहान मुदतीचे वर्ग सुरू केले. त्यांत मोबाइलवर चित्रपट करण्याचेही वर्ग झाले. मुलामुलींनी अशा जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

शकुंतला गाडी आता बंद पडली आहे. रुळांवर गवत माजले आहे. 1956च्या ऑक्टोबरात त्या गाडीने कोण कोण गेले, याची यादी कोणत्याही दप्तरात नाही. ती आहे फक्त म्हाताऱ्या माणसांच्या बोटांवर. आमच्या यादीत दोन जागा अजून रिकाम्या आहेत. अचलपूर-परतवाड्याकडून दीक्षेला गेलेल्या कोणाचे नाव आपल्या घरात सांगितले जात असेल, तर बंधूंनो, भगिनींनो, या साप्ताहिकाकडे लिहून कळवा. आणि आपल्या घरात ऐंशी-नव्वदीचे कोणी असेल, तर येत्या रविवारी त्यांच्यापाशी बसा. पंखा मात्र आठवणीने बंद करा.

जय भीम!