पैशाचीची वही

४ जुलै, रायपूर
सकाळपासून झड लागली आहे. तात्यापाऱ्यातल्या गल्लीत गुडघाभर पाणी, त्यामुळे बाहेर पडायचा प्रश्नच नव्हता. हेमचंद्राच्या व्याकरणाचा आठवा अध्याय काढून बसलो. बाराव्या शतकातल्या या जैन आचार्याने शौरसेनी, मागधी, अपभ्रंश यांच्याबरोबर पैशाचीलाही स्वतंत्र सूत्रे दिली आहेत. पैशाची म्हणजे पिशाचांची भाषा. काव्यशास्त्रकार दंडी तिला 'भूतभाषा' म्हणतो. अमानवी तोंडी घातलेली आणि तरीही रीतसर व्याकरण लाभलेली एवढी जुनी दुसरी भाषा मला माहीत नाही. या पावसाळ्यात हिचे ध्वनी, लिपी आणि व्याकरण यांची टिपणे एका वहीत करायची, असे ठरवले.

पहिले टिपण ध्वनींचे. प्राकृताचा व्याकरणकार वररुची याचा नियम असा: शब्दाच्या आरंभी नसलेले आणि जोडाक्षरात न अडकलेले ग, ज, ड, द, ब हे क, च, ट, त, प होतात, घ, झ, ढ, ध, भ यांचे ख, छ, ठ, थ, फ होतात. गगनाचे गकन, मेघाचा मेख, राजाचा राचा, माधवाचा माथव. कंठावर बोट ठेवून 'ग' म्हटले की खाली कंप जाणवतो. 'क' म्हणताना तो थांबतो. पिशाचांच्या उच्चारातला सगळा वेगळेपणा या थांबलेल्या कंपात आहे. अक्राळविक्राळ आवाज नाही, आरोळी नाही. जीभ, दात, ओठ जिथल्या तिथे. फक्त कंठ शांत.

५ जुलै
नातीला नियम समजावून सांगितला. ती सातवीत आहे. पाच मिनिटांत तिने सगळा छत्तीसगड पैशाचीत नेला: राजनांदगाव झाले राचनांतकाव, जगदलपूर झाले जकतलपूर.
"आजोबा, दुर्गचं काय?"
"वररुचीच्या नियमाने काही नाही. 'द' आरंभी आहे आणि 'ग' जोडाक्षरात. पण हेमचंद्र चूलिकापैशाची नावाचा आणखी एक प्रकार सांगतो. तिथे आरंभीचं अक्षरही बदलतं. नगराचं नकर होतं आणि गिरितटाचं किरितट."
"म्हणजे दुर्गचं तुर्ग!"
मग तिने रायपूर म्हणून पाहिले. र, य, प, र. बदलण्यासारखे एकही अक्षर नाही. आपल्या गावाचे नाव पिशाचही आपल्यासारखेच घेणार, याचा तिला फार आनंद झाला.

७ जुलै
आज व्याकरण. हेमचंद्राच्या पैशाचीत ण नाही, सगळीकडे न, गुणाचा गुन. इथल्या बाजारात भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे 'पानी'च म्हणतात, त्यामुळे ही खूण कानाला मुळीच परकी वाटत नाही. दुसरी खूण तर थेट आपल्या घरातली. ल चा ळ होतो: कुळ, जळ, सळिळ, कमळ. सूत्राखालची उदाहरणे वाचताना मराठी शब्दांची यादी वाचतो आहे असे वाटत होते. इथली हिंदी टिळकांना तिलक करते, काळ्यांना काले करते. रायपूरच्या मराठी घरांनी पिढ्यान् पिढ्या जो ळ जपला, तो पिशाचांच्या वर्णमालेत मानाने बसला आहे.

तिसरी खूण क्रियापदाची. एक क्रिया आटोपून दुसरी करायची, तर प्रत्यय 'तून': गंतून, हसितून, पठितून. महाराष्ट्री प्राकृतात हेच रूप हसिऊण असे होते आणि मराठीत हसून. मराठी पैशाचीतून आली, असा याचा अर्थ नव्हे; आपले 'ऊन' महाराष्ट्रीच्या वाटेने आले. पण दोन्ही भाषा बहिणी आहेत हे उघड आहे. जी भाषा भुतांची म्हणून सांगितली, तिच्यात आपण रोज म्हणतो तसे 'हसून', 'जाऊन' म्हणायची सोय आहे.

९ जुलै
लिपीचे पान आज लिहितो. त्यासाठी सोमदेवाच्या कथासरित्सागराकडे जावे लागते. अकराव्या शतकात काश्मीरच्या सूर्यवती राणीसाठी त्याने तो रचला. कथा मात्र आपल्या पैठणची. सातवाहन राजाला सहा महिन्यांत संस्कृत शिकवण्याची पैज शर्ववर्मा या दरबारी पंडिताने जिंकली आणि ती हरलेल्या गुणाढ्य या दुसऱ्या पंडिताने संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा सोडल्या. मुका होऊन तो विंध्याच्या रानात गेला. तिथे पिशाचांची बोली ऐकून शिकला, काणभूती नावाच्या पिशाचाकडून बृहत्कथा ऐकली आणि सात वर्षांत सात लाख श्लोकांत लिहून काढली. रानात शाई मिळेना, म्हणून स्वतःच्या रक्ताने.

अक्षरांना वळण कोणते होते, ते कथा सांगत नाही. रंग तेवढा सांगते. राजाने ग्रंथ झिडकारला: भाषा पिशाचांची, अक्षरे रक्ताची. मग गुणाढ्याने अग्नी पेटवून एकेक पान वाचून त्यात टाकायला सुरुवात केली. हरणे, रानडुकरे, पक्षी चरणे सोडून भोवती बसून ऐकत राहिले, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. राजाच्या ताटात सुकलेले मांस येऊ लागले तेव्हा शोध लागला. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. एक लाख वाचले. मूळ पैशाची बृहत्कथा आज उपलब्ध नाही. आहेत ती तिची रूपांतरे, आणि व्याकरणकारांनी उदाहरणादाखल ठेवलेले शब्द.

११ जुलै
पाऊस उघडला. घासीदास संग्रहालयात जाऊन किरारीचा लाकडी खांब पाहिला. १९२१ साली किरारी गावच्या हीराबांध तलावात तो सापडला. ओले लाकूड उन्हात सुकू लागले तशा अक्षरांच्या ढलप्या निघू लागल्या; गावातल्या एका पंडिताने अक्षरे आधी उतरवून घेतली म्हणून लेख वाचला. साधारण दुसऱ्या शतकातली ब्राह्मी, भाषा प्राकृत, मजकूर अधिकाऱ्यांची नामावळी: नगररक्षक, सेनापती, प्रतिहार, गणक, भांडागारिक, मुदपाकखान्याचा महानसिक, लेख पोचवणारा लेखहारक.

काचेपलीकडच्या त्या लाकडासमोर बराच वेळ उभा होतो. सातवाहनांच्या काळातले दरबारी प्राकृत असे खांबावर कोरले गेले आणि तलावाच्या चिखलानेही ते सांभाळले. रानातल्या प्राकृताला कथेतसुद्धा खांब मिळाला नाही.

१४ जुलै
पुण्याहून पुतण्या आला आहे. त्याने आजच्या अमानवी भाषांची माहिती दिली. मार्क ओक्रँड यांनी १९८४ च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटासाठी क्लिंगॉन रचली. तिच्यात आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. पृथ्वीवरच्या फार थोड्या भाषांत हा क्रम आढळतो. पॉल फ्रॉमर यांनी २००९ च्या 'अवतार' चित्रपटासाठी नावी घडवली. त्या लोकांच्या हाताला चार बोटे, म्हणून मोजणी आठाच्या पटीत. मला ही आठाची मोजणी फार आवडली. शरीर वेगळे, म्हणून व्याकरण वेगळे. घडवणाऱ्याने बोलणाऱ्याचा मान राखला.

मग तो 'बाहुबली'तल्या किलिकीबद्दल बोलला. २०१५ च्या या चित्रपटासाठी मदन कार्की यांनी ती तयार केली. ती ज्यांच्या तोंडी आहे ते कालकेय मात्र माणसेच आहेत, रानटी म्हणून दाखवलेली.
मी म्हटले, "गुणाढ्याच्या कथेतही हेच झालं असेल का रे?"
तो म्हणाला, "काका, मग पैशाची बोलणारे कोण होते ते शोधायला हवं."

१५ जुलै
शोध पूर्वीच सुरू झालेला आहे. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सनने १९०६ मध्ये पिशाच-भाषा वायव्य सीमेवर नेल्या. स्टेन कोनो याने १९१० मध्ये पैशाचीचे घर विंध्याच्या आसपास मांडले. वाद मिटलेला नाही. पण दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली: ही भाषा जिवंत माणसांची होती. मलाही तसेच वाटते. भुतांसाठी भाषा रचणारा त्यांच्या तोंडी काहीतरी अचाट घालील. एक कंप थांबवणे, एक ळ ठेवणे, ण सोडणे हे बोलीभेदाचे काम आहे. असे बदल चार कोसांवरच्या माणसांत होतात.

बस्तरमध्ये गोंडी बोलणाऱ्यांना परक्यांनी काय काय म्हटले, ते इथे राहणाऱ्याने ऐकलेले असते. त्याच गोंडीसाठी बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये लिपी घडवली आणि २०१७ मध्ये ती युनिकोडमध्ये आली. गोंडी द्राविड कुळातली, पैशाचीशी तिचे नाते मी जोडत नाही. मसरामांचे काम मात्र मला गुणाढ्याच्या कामाच्या जोडीचे वाटते. दरबार ज्या बोलीकडे पाठ फिरवतो, तिच्यासाठी अक्षरे शोधायची, कोणी मागितली नसली तरी.

नातीने आज वहीवर नाव घालायला सांगितले. मी लिहिले: 'पैशाची: विंध्याच्या परिसरातील लोकांची भाषा'. कोनोचे मत अजून सिद्ध व्हायचे आहे, म्हणून 'विंध्य'पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले. 'लोकांची' पुढे केले नाही.