फिरला का रे?

लहानपणी बाबा कौलांवर चढून दूरदर्शनचा अँटेना फिरवायचे आणि मी खालून ओरडायचो, "आलं... आलं... गेलं!" परवा गच्चीत माझ्या हॅम रेडिओच्या अँटेनाला रोटेटर बसवला, तर मोटर नुसतीच गुरगुरली. बटण दाबल्यावर कंट्रोलरपाशी २४ व्होल्ट, मोटरपाशी जेमतेम २०! चूक माझीच. ०.५ चौरस मिलिमीटरची बारीक वायर, जाऊन-येऊन ६० मीटर. २ अँपिअरला चार व्होल्ट वाटेतच गडप. मग १.५ची वायर ओढली.

बाबांना आता जिना चढवत नाही. कंट्रोलरवर त्यांनाच बसवलं. खालून हाक आली, "फिरला का रे?"

"फिरला, बाबा!"

मग त्यांनी तो उगाचच आणखी दोनदा फिरवला. मीही थांबवलं नाही.